सत्तर हजारांचं 'क्लिनिकल ट्रेनिंग' घ्यावं का?

मॅडम, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. २०२२ मध्ये एमबीबीएससाठी किर्गिझस्तानात, बिश्केकला गेले. नीट पास होते, पण सरकारी कॉलेजला नंबर लागण्याइतके मार्क नव्हते आणि इथल्या खासगीची फी आमच्या आवाक्याबाहेरची. बाबांनी दोन एकर विकलं, बाकी बँकेचं कर्ज आहे. चौथं वर्ष संपवून आता दोन महिन्यांच्या सुट्टीत घरी आले आहे.

तिथे आम्हाला दवाखान्यात नेतात, पण एका कॉटभोवती पंधरा-सोळा जणांची तुकडी. पेशंट रशियन नाही तर किर्गिझ बोलतो. सर दोन वाक्यं इंग्रजीत सांगतात आणि पुढच्या कॉटकडे जातात. चार वर्षांत मी एकही पेशंट स्वतः पूर्ण तपासलेला नाही. ज्या कन्सल्टन्सीनं मला पाठवलं तेच आता म्हणतात, नागपूरच्या एका हॉस्पिटलात सहा आठवड्यांचं हँड्स-ऑन क्लिनिकल ट्रेनिंग करा. सत्तर हजार लागतील, प्रमाणपत्र मिळेल, पुढे इंटर्नशिपमध्ये धरलं जाईल. दहा हजार आगाऊ भरलेत. बाबा म्हणतात, 'एवढं गेलं तिथं अजून सत्तर.' बरोबरच्या मुली म्हणतात, वॉर्ड सोड, अॅप लाव आणि एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची इथली पात्रता परीक्षा, काढ. आणि गावात डॉक्टरीणबाई आली म्हणून लोक सलाईन लावून मागतात. पत्रकाचा फोटो सोबत पाठवते. मी काय करू?

— एक विद्यार्थिनी


बेटा,

उरलेले साठ हजार भरू नकोस. बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल, हे मात्र आजच बाबांना सांग.

कारण असं. तू २०२२ मध्ये गेलीस, म्हणजे तुला एनएमसीचे, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे, नोव्हेंबर २०२१ चे नियम लागू आहेत. अभ्यासक्रम कमीत कमी ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि हे सगळं एकाच परदेशी संस्थेत झालेलं हवं. यातला कुठलाही तुकडा भारतात किंवा तिसऱ्याच देशात करून चालत नाही. ते सगळं आटोपून तू परत आलीस, एफएमजीई पास झालीस, की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी मिळते आणि मग इथली १२ महिन्यांची इंटर्नशिप वेगळी करावी लागते. एक इंटर्नशिप तिकडची, एक इकडची. नागपूरचे सहा आठवडे या दोन्हींत कुठेच बसत नाहीत. 'पुढे धरलं जाईल' म्हणणाऱ्याला एवढंच विचार, कुठल्या नियमाखाली? तो विषय बदलेल.

पत्रकाचा फोटो मी मोठा करून वाचला. वर ठळक अक्षरांत 'हँड्स-ऑन', 'एनएमसी गाईडलाईननुसार'. अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'ओन्ली ऑब्झर्व्हरशिप', म्हणजे नुसतं उभं राहून बघणं. वरचं खरं असेल तर ते बेकायदेशीर आहे आणि खालचं खरं असेल तर त्याला सत्तर हजार पडत नाहीत. नोंदणी नसताना पेशंटवर उपचार करणं हा २०१९ च्या एनएमसी कायद्यातल्या कलम ३४ प्रमाणे गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उद्या काही बिनसलं तर 'ट्रेनी होती' म्हणून ते हॉस्पिटल बाजूला होईल आणि कागदावर तुझं नाव राहील. नोंदणी मिळायच्या आधीच नावावर भानगड नको.

हे नियम फार कोरडे वाटत असतील तर तुझ्या सीनियर्सना विचार. कोविडच्या काळात, आणि पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर, हजारो मुलं घरी बसून मोबाईलवर मेडिसिन शिकली. शेवटच्या वर्षातल्या ज्या मुलांची पदवी ३० जून २०२२ पर्यंत हातात आली त्यांना एनएमसीनं एफएमजीईला बसू दिलं, पण पुढची इंटर्नशिप एकाऐवजी दोन वर्षांची केली. मुलं चिडली, कोर्टकचेऱ्या झाल्या. मला त्यांची कीव आली, तरी एनएमसीचं म्हणणं मला पटलं होतं. त्यांनी माणसं तपासलेली नव्हती आणि ती भर कुठेतरी घालावी लागणारच होती.

तुझीही अडचण तीच आहे, फक्त तू तिथे हजर असून. पत्रात तू एक वाक्य सहज लिहून गेलीस, 'पेशंट रशियन नाही तर किर्गिझ बोलतो.' चार वर्षं झाली, बेटा! सुरुवातीच्या वर्षांत तुम्हाला रशियन शिकवतात, त्याची परीक्षाही घेतात. ती पाठांतरावर काढायची, मग हॉस्टेलात आपलीच मुलं, मेसमध्ये आपलाच वरणभात, बाजारात बोट दाखवून भाजी. असं करत करत सगळी पोरं चौथ्या वर्षाला पोचतात. ज्याला पेशंटशी बोलता येत नाही तो मागच्या रांगेतच राहतो, मग ते बिश्केक असो की मेळघाट. मेळघाटात धारणीला येणारे आपले मराठी इंटर्नसुद्धा पहिल्या आठवड्यात कोरकू आदिवासी बायकांसमोर असेच ताटकळत उभे असतात. जो चार प्रश्न कोरकूत विचारायला शिकतो, त्याच्या टेबलाशी बाया आपणहून येऊन बसतात.

तुला रशियनमध्ये भाषण ठोकायचं नाहीये. 'ना श्तो झालुयेत्येस', काय त्रास होतोय? 'ग्द्ये बलीत', कुठे दुखतं? 'काग्दा नचालोस', केव्हापासून? छाती ऐकताना 'दिशीत्ये', श्वास घ्या, आणि 'नि दिशीत्ये', रोखून धरा. अशी पन्नास-साठ वाक्यं एका वहीत लिहून, ती तोंडात बसेपर्यंत घोकून ये. गावाकडून आलेली म्हातारी माणसं किर्गिझच बोलतील, त्यांच्यासोबत आलेल्या मुला-नातवाला रशियन येत असतं. सप्टेंबरात परत गेल्यावर पहिल्या आठवड्यात कॉटपाशी नुसतं 'ग्द्ये बलीत' विचारून बघ. पेशंट वीस वाक्यं बोलेल, त्यातली सोळा तुला कळणार नाहीत. चार कळतील. सध्या शून्य कळतात.

आणि सकाळच्या राउंडची वाट बघत बसू नकोस. सकाळी कॉटभोवती सोळा जण असतात. संध्याकाळी सातला त्याच वॉर्डात ड्यूटीचा डॉक्टर, एक नर्स आणि चहाची किटली असते. तिकडे त्या ड्यूटीला 'देझूर्स्त्वा' म्हणतात. तिथली मुलं हौसेनं रात्री थांबतात आणि डॉक्टरांनाही त्याची सवय असते. आपली मुलं विचारतच नाहीत. मला कोणी नेत नाही, ही तक्रार करायच्या आधी मी कोणाला विचारलं, एवढं आठवून बघ.

आणखी एक. तिकडे शिकवण्याची पद्धत जुनी म्हणून आपली मुलं नाकं मुरडतात. मला त्या जुनेपणातलं बरंच काही आवडतं. 'प्रोपेडेव्टिका' नावाचा विषय तुला झाला असेल. डोळ्यांनी बघणं, हातानं चाचपणं, बोटानं ठोकून ऐकणं, मग स्टेथोस्कोप, सगळं क्रमानं. कीवच्या ओब्राझ्त्सोव्ह यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस पोट तपासायची एक रीत बसवली, पेशंट श्वास सोडत असताना बोटं हळूहळू खोल नेऊन आतड्यावरून सरकवायची. ती तिकडे आजही घोटून घेतात. आपल्याकडे पोटावर हात ठेवायच्या आधी सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिणारे तुला ढिगानं भेटतील. ती रीत ज्या म्हाताऱ्या प्राध्यापकांना येते त्यांना गाठ. तसंच तिकडे विद्यार्थ्याकडून एका पेशंटची सविस्तर हकीकत लिहून घेतात, 'इस्तोरिया बलेझ्नी'. आधी तक्रारी, मग 'अनॅम्नेसिस मॉर्बी' म्हणजे आजार कसा सुरू झाला ते, मग 'अनॅम्नेसिस व्हिटी' म्हणजे त्या माणसाचं सगळं आयुष्य, काम, घर, सवयी. बहुतेक मुलं सीनियरची वही उतरवून देतात. तू दर महिन्याला एक खरी लिही, एकाच पेशंटजवळ बसून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

तिथे जे आजार आहेत तेही नीट बघून घे. मेंढ्या-गुरांचा देश तो. ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांपासून माणसाला होणारा ताप, किर्गिझस्तानात भरपूर, यकृतात हायडॅटिडच्या म्हणजे जंतामुळे होणाऱ्या गाठी भरपूर, औषधांना दाद न देणारा टीबी तर जगात ठळकपणे मोजला जाणारा. आपल्याकडे महिनोन्महिने कणकण, घाम, कंबरदुखी घेऊन फिरणारा गुराखी 'टायफॉइड'च्या गोळ्या खात राहतो, कारण ब्रुसेलोसिस पाहिलेला डॉक्टर त्याला भेटलेला नसतो. तू तो पाहिलेला असशील.

आता या दोन महिन्यांचं.

जुलै-ऑगस्टमध्ये तू घरी आलीस, हे तुझं नशीब. हे दिवस निंदणाचे, फवारणीचे आणि सापांचे. तुझ्या तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचं असेल, रंग उडालेलं असेल, एक्स-रे मशीन बंद असेल. तरी या दोन महिन्यांत तिथल्या कॅज्युअल्टीत जे येतं ते तुला नागपूरच्या एसी हॉस्पिटलात कोणी दाखवणार नाही, कारण तिथे पोचेपर्यंत पेशंट वाचलेला असतो किंवा गेलेला असतो.

पहाटे तीन वाजता एक बाई येते. जमिनीवर निजली होती, पोट दुखतंय, एक उलटी झाली. घरचे सांगतात, 'रातच्यानं पोट दुखून राह्यलं जी, काही शिळंपाकं खाल्लं असन.' अंगावर खूण नाही, सूज नाही. नवखा डॉक्टर पोट तपासायला लागतो. जुनी सिस्टर तोंडाकडे बघते. पापण्या जड झाल्यात, 'वर पाय' म्हटलं तर बाईला वर बघता येत नाही, बोलताना शब्द जिभेवर घुटमळतो. मण्यार. दात इतके बारीक की दंशाची खूण पुष्कळदा दिसतच नाही. अशा बाईला पोटदुखीचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं तर घरी पोचेपर्यंत तिचा श्वास बंद पडू शकतो. एकदा हा चेहरा पाहिलास की एफएमजीईच्या पेपरात 'सकाळी पोटदुखी, टोसिस (म्हणजे पापणी खाली पडणं), दंशाची खूण नाही' असा प्रश्न आला तर पर्याय वाचायचीसुद्धा गरज पडणार नाही.

घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर वेगळी गंमत. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी तिरपी करायची. रक्त ओघळलं, गुठळी झाली नाही, तर विष भिनलंय, एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचा उतारा सुरू. पुस्तकात याला दोन ओळी आहेत. पुस्तकात हे नसतं की साबणाच्या पाण्यानं धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही आणि चाचणी फसते. किंवा सातव्या मिनिटाला भाऊ येतो, 'झालं का?' म्हणत नळी उचलून हलवून बघतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. घड्याळ लावून नळीजवळ बसायचं काम तू मागून घे. त्यात पेशंटला हातही लागत नाही आणि सिस्टर तुला दुवा देईल.

फवारणीचं तुला काय सांगायचं? २०१७ च्या पावसाळ्यात तुझ्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, तू तेव्हा शाळेत असशील. अशा माणसाला आणलं की आधी कपडे उतरवून अंग साबणानं धुवावं लागतं, आणि हे काम कोणालाच करायचं नसतं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत खळखळ. मग अॅट्रोपिन हा उतारा, आणि पाच-पाच मिनिटांनी बघत डोस दुप्पट करत जायचं. पुरे कधी? छाती मोकळी झाली का, नाडी वाढली का, आणि काखेत हात घालून घाम सुकला का. सिस्टर दर वेळी काख चाचपते ते नीट बघ. मॉनिटर नसला तरी हे कळतं.

कॅज्युअल्टीचंच वेड लावून घेऊ नकोस. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची खास तपासणी असते. त्या दिवशी ओपीडीत सिस्टरच्या मागे उभी राहा आणि ती पोटावर हात ठेवून किती महिने सांगते, नंतर सोनोग्राफी किती सांगते, ते स्वतःपुरतं लिहीत जा. जवळपास कोलाम आदिवासींचा एखादा पोड, म्हणजे पाडा, असेल तर आरोग्य पथकासोबत जा. वरचेवर सांधे दुखतात म्हणून शाळा बुडवणारा, डोळे पिवळसर असलेला मुलगा तुला तिथे भेटू शकतो आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार म्हणजे काय ते कळू शकतं. आणि तुझ्या गावच्या आशाताईंना तर सोडूच नकोस. बाळंतीण घरी आली की त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळ बघायला जातात. नवजात बाळाला घरीच सांभाळायची ही रीत देशभर गेली त्यामागे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी केलेलं काम आहे. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आशाताई बाळाचं दुपटं सारून पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात, साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजतात. एक मिनिट गप्प बसून एकाच गोष्टीकडे बघायला मेडिकलच्या मुलांना फार जड जातं. दहावी-बारावी शिकलेल्या बाईच्या मागे आपण काय जायचं, असं मनात आलं तर ते आधी काढून टाक.

परवानगीशिवाय मात्र कुठेही जायचं नाही. ओळखीच्या कंपाउंडरच्या मागून आत शिरायचं नाही. ग्रामीण रुग्णालय असेल तर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज कर: मी अमुक विद्यापीठाची चौथं वर्ष पूर्ण केलेली विद्यार्थिनी, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत केवळ निरीक्षणासाठी उपस्थित राहण्याची परवानगी मिळावी, मी कोणतीही तपासणी, प्रक्रिया वा उपचार करणार नाही. सोबत कॉलेजचं बोनाफाईड आणि पासपोर्टची झेरॉक्स. अधीक्षक म्हणतील, जिल्हा शल्य चिकित्सकांकडून आणा. मग तिकडे. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, त्यामुळे तिथल्या परवानगीसाठी जिल्हा आरोग्य अधिकारी. दोन-तीन चकरा होतील, एखादा बाबू 'कशाला पाहिजे हे?' विचारेल. अर्जाच्या प्रतीवर पोच घेत जा.

आत गेल्यावर पेशंटला आधी सांगायचं, 'मी शिकणारी आहे, मी नुसती पाहते, चालेल का?' नाही म्हटलं तर बाहेर. बाईची आतून तपासणी चालू असेल तर बोलावल्याशिवाय पडद्याआड जायचं नाही. मोबाईल पिशवीत. जखमेचा, सापाचा, एक्स-रेचा, कशाचाच फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. कोणी म्हणालं, 'ये गं, हे टाके तू घाल,' तर हसून नाही म्हणायचं. मन फार होईल, तरीही.

हकीकत मात्र तू विचारू शकतेस, डॉक्टरांनी हो म्हटलं तर, आणि तिथे तुझ्याकडे अशी एक गोष्ट आहे जी नागपूर-पुण्याहून बदली होऊन आलेल्या डॉक्टरकडेही नसते. 'जीव घाबरून राह्यला', 'पाय भरून येते', 'अंगावरून जाते' असं पेशंट म्हणतो तेव्हा त्याला नेमकं काय होतंय हे तू आईच्या पोटातून शिकून आलीस. दररोज एका पेशंटशी अर्धा तास बोल आणि बिश्केकच्या त्याच साच्यात घरी येऊन लिही. मॉर्बी, व्हिटी, सगळं, नाव-गाव न घालता. सुट्टी संपेपर्यंत तुझा हात बसलेला असेल आणि तिकडे फक्त भाषा बदलावी लागेल.

गावातल्या सलाईनचं उत्तर एका वाक्याचं: लावायची नाही. 'अंगात कस नाही, एक बाटल लावून दे' म्हणणाऱ्या मावशीला बहुतेक वेळा बाटलीची गरजच नसते, तिचं हिमोग्लोबिन बघायला हवं असतं. तिला उपकेंद्रात घेऊन जा, सोबत बस. बीपी मोजून आकडा सांगितलास आणि जास्त आहे, दवाखान्यात दाखवा म्हणालीस तर कोणाचं काही बिघडत नाही. गोळी मात्र सांगू नकोस, कोणाची बदलू नकोस, बंद तर मुळीच करू नकोस. लोक नाराज होतील. 'परदेशात जाऊन आली अन् सुई टोचता येत नाही' असंही म्हणतील. म्हणू दे.

तुझ्या मैत्रिणींचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. एफएमजीई अवघड आहे. तीनशे प्रश्न, पास व्हायला दीडशे, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि तरी अलीकडच्या बहुतेक निकालांत पाचातला एक, फार तर चारातला एक पास झालेला दिसतो. अॅप लाव, प्रश्न सोडव, सकाळचे तीन तास त्यालाच दे. शरीररचना, फार्मा, पॅथॉलॉजी वॉर्डात उभं राहून येत नाही, ते पाठच करावं लागतं. पण पास झाल्यानंतर काय होतं ते या मुली धरत नाहीत. इथल्या इंटर्नशिपमध्ये पहिल्याच रात्री तुझ्यासमोर माणूस येईल, पर्याय अ-ब-क-ड येणार नाहीत. शेजारच्या इंटर्ननं २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षातच पेशंट बघायला सुरुवात केलेली असेल. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजची असेल तर पहिल्या वर्षी खेड्यात मुक्काम ठोकून आलेली असेल. ती तुझ्याहून हुशार असेलच असं नाही, पण तिचा हात थरथरणार नाही. एनएमसीच्या इंटर्नशिपच्या नियमांत इंटर्नला स्वतः काय काय करता आलं पाहिजे त्याची यादी आहे. ती डाऊनलोड करून घे आणि 'ऐकलंय, पाहिलंय, केलंय' असे तीन रकाने पाड. बिश्केकला तिसरा रकाना भरता येतो का बघ. इथे पहिला आणि दुसराच भरायचा.

परत गेल्यावर डीनच्या ऑफिसातून लेखी घ्यायच्या गोष्टी: अभ्यासक्रम किती महिन्यांचा, माध्यम कुठलं, १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत मिळणार का आणि कुठल्या हॉस्पिटलात, आणि पदवीनंतर तिथल्या नागरिकाच्या बरोबरीनं तिथे प्रॅक्टिस करायचा परवाना मिळू शकतो का. हा शेवटचा मुद्दा नियमांत स्पष्ट आहे आणि कन्सल्टन्सीवाले नेमका तोच गाळतात. सगळं मिळून प्रवेशापासून दहा वर्षांत उरकावं लागतं, तुझ्यापुरती ती काळजी आज नाही. मधूनच भारतातल्या कॉलेजला बदली करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्याशी बोलणंच वाढवू नकोस, तशी सोय नाही.

बाबांचं 'एवढं गेलं तिथं अजून सत्तर' मला कळतं. शेती करणारा माणूस अर्ध्या हंगामात पैसा आखडता घेत नाही, आणि मुलीचं काही कमी पडू नये म्हणून तर कधीच नाही. त्यांना हिशेब सांग. तिकडचा उरलेला अभ्यासक्रम आणि वर्षभराची इंटर्नशिप बाकी आहे, मग परीक्षा, मग इथलं इंटर्नशिपचं वर्ष. तेव्हा स्टायपेंड मिळतं आणि ते इथल्या इंटर्नइतकंच द्यायला हवं असं एनएमसीनं सांगितलेलं आहे, पण तोवर घरूनच लागणार आहे. हे साठ हजार त्यासाठी राहू द्या म्हणावं.

राहिले आगाऊ भरलेले दहा हजार. पावती असेल तर तिची झेरॉक्स लावून परत मागणारं पत्र लिही, 'प्रशिक्षण एनएमसीच्या नियमांत ग्राह्य नाही, जाहिरातीत तसं भासवलं आहे' हे त्यात स्पष्ट असू दे, आणि पत्रकाची मूळ प्रत जपून ठेव. फोनवर बोलू नका, ईमेल करा. दिले नाहीत तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव, त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. ऑफिसात जायची वेळ आली तर तू जा, सोबत एखादे तोंडाळ काका घे. बाबांना एकट्यानं पाठवू नकोस. ते दोन कप चहा पिऊन, 'राहू द्या साहेब' म्हणत परत येतील.